गरम केलं, की ये रे माझ्या मागल्या!

मागच्या अंकात आकार लक्षात ठेवणाऱ्या पॉलिमरबद्दल मी लिहिलं होतं. प्लास्टिकची एक सरळ पट्टी गरम करून पिळायची आणि पिळलेली असतानाच गार करायची. ती पिळलेलीच राहते. पुन्हा गरम केली, की कुणी हातही न लावता सरळ होते. त्या लेखावर भरपूर पत्रं आली. ‘हे सगळं बाजारात कधी येणार?’ एवढंच विचारणारी पत्रं बाजूला ठेवली आहेत, कारण भविष्य सांगण्याचा माझा धंदा नाही. उरलेल्यांतली काही इथे घेते.

ताई, पट्टीला तिचा जुना आकार आठवतो म्हणजे तो साठवलेला कुठे असतो? प्लास्टिकमध्ये चिप तर नसते ना?
– नववीतली एक वाचक

चिप नसते. उत्तर देण्याआधी एक प्रयोग करून बघ. एक रुंद रबर बँड घे, वरच्या ओठाला हलकेच टेकव आणि तसाच झटकन ताण. ओठाला ऊब जाणवेल. ताणलेलाच ठेवून थोडं थांब, मग एकदम सैल सोड आणि लगेच परत ओठाला लाव. आता गार लागेल. जॉन गफ नावाच्या इंग्रज अभ्यासकाने 1805 मध्ये हे नोंदवलं. लहानपणी देवी येऊन त्यांची दृष्टी गेली होती, आणि त्यांचा थर्मामीटर होता त्यांचा ओठ! वजन टांगून ताणलेलं रबर गरम केलं तर ते लांबत नाही, उलट आखडतं, हेही त्यांच्या लक्षात आलं होतं. पुढे भौतिकशास्त्रज्ञ जूल यांनी नीट उपकरणं लावून त्यांचं म्हणणं खरं ठरवलं.

धातूची तार गरम केली तर लांबते. मग रबर का आखडतं? रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या, आणि प्रत्येक साखळी सतत वळवळत असते. गुंतून राहायच्या तऱ्हा असंख्य, पण ताठ सरळ राहायची तऱ्हा जवळजवळ एकच. त्यामुळे मोकळी सोडली की साखळी गुंत्याकडेच जाते. उष्णता वाढली की वळवळ वाढते आणि गुंत्याची ओढही वाढते. मात्र साखळ्या एकमेकींवरून घसरून निघून जाऊ नयेत म्हणून त्यांना जागोजागी बांधून ठेवावं लागतं. या बांधण्याला आम्ही क्रॉसलिंक म्हणतो. ज्या आकारात असताना हे जाळं बांधलं गेलं, तो त्याचा मूळ आकार. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळालं: जुना आकार त्या गाठींमध्ये असतो.

उरलेलं अर्धं तापमानात आहे. आकार लक्षात ठेवणारं पॉलिमर एका ठरावीक तापमानाच्या वर रबरासारखं वागतं आणि खाली कडक होतं. वर असताना ताणलं आणि ताण न सोडता गार केलं, तर साखळ्यांची वळवळ जागच्या जागी गोठते. स्प्रिंग ताणून वर कडी घालावी तसं. परत जायची ओढ आत तशीच असते, फक्त अडकलेली. गरम केलं की कडी निघते.

आता एक गोष्ट, जी शिकवतानाही बरेचदा राहून जाते. ही ‘आठवण’ पदार्थाचा जन्मजात गुण नाही. रंग किंवा घनता जशी पदार्थाचीच असते, तसं इथे नाही. ती द्यावी लागते. कुठल्या तापमानाला ताणलं, किती ताणलं, कसं गार केलं, यावर पुढचं सगळं अवलंबून. एकाच साच्यातून निघालेल्या दोन पट्ट्या घे. एकीला ही प्रक्रिया दिली, दुसरीला नाही, तर दुसरी गरम पाण्यात नुसती मऊ होऊन पडून राहील.

आणि यासाठी पदार्थ दुर्मीळच हवा असंही नाही. वायरच्या जोडावर घालतात ती हीट श्रिंक स्लीव्ह बहुतेक वेळा साध्या पॉलिइथिलीनच्या कुळातलीच असते. आर्थर चार्ल्सबी यांनी 1950च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं, की किरणोत्साराच्या माऱ्याने पॉलिइथिलीनच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. अशी बांधलेली नळी गरम करून फुगवायची आणि फुगलेली असतानाच गार करायची. इलेक्ट्रिशियन तिच्यावर हॉट एअर गन धरतो तेव्हा ती आपल्या जुन्या मापावर येते आणि जोड गच्च आवळून बसते. इतकी वर्षं ती मुकाट्याने हे काम करते आहे, पण तिला कुणी स्मार्ट म्हटलं नाही.

मनगटाच्या दुखापतीनंतर थेरपिस्टने मला स्प्लिंट करून दिला. पांढरा पत्रा गरम पाण्यात टाकल्यावर काचेसारखा आरपार दिसायला लागला आणि हातावर बसवल्यावर हळूहळू परत पांढरा झाला. पुढे एकदा तो बंद गाडीत डॅशबोर्डवर राहिला. संध्याकाळी बघते तर उघडून सपाट! माल हलका होता का?
– एक वाचक

माल उत्तम होता. इतका, की त्याने त्याचं काम नको तिथे करून दाखवलं.

या पत्र्यांत बहुधा पॉलिकॅप्रोलॅक्टोन असतं. त्याच्या साखळ्यांचे काही भाग नीट रचून बसतात आणि त्यांचे सूक्ष्म स्फटिक होतात. स्फटिकांवर प्रकाश विखुरतो म्हणून पत्रा दुधी दिसतो. साधारण 60 अंश सेल्सिअसला हे स्फटिक वितळतात. विखुरायला काही उरत नाही, पत्रा पारदर्शक होतो. थेरपिस्टला घड्याळ बघावं लागत नाही. कडेपासून मध्यापर्यंत सगळा पत्रा पारदर्शक झाला, की तो पाण्यातून काढायचा, पुसायचा आणि हातावर घ्यायचा. तुमच्या मनगटावर तो परत पांढरा होत होता, तेव्हा स्फटिक पुन्हा बनत होते, म्हणजेच कडी लागत होती. या पॉलिमरचं दुसरं महत्त्वाचं तापमान, म्हणजे ज्याच्या खाली ते काचेसारखं ठिसूळ होतं ते, शून्याच्या खाली साठेक अंशांवर आहे. त्यामुळे रोजच्या वापरात ते कडक राहतं, पण काचेसारखं तडकत नाही.

तुमचा पत्रा क्रॉसलिंक केलेल्या जातीचा असणार, कारण तो नुसता ओघळला नाही, सपाट झाला. कारखान्यात जाळं बांधलं गेलं तेव्हा तो सपाट पत्राच होता. उन्हात उभ्या बंद गाडीचा डॅशबोर्ड 70 अंशांच्या पुढे सहज जातो. बाकीचं तुम्ही पाहिलंच आहे.

तोच तुकडा गरम करून पुन्हा बसवता येतो, पण घरी करू नका. चटका बसण्याची भीती आहेच. त्याहून मोठी अडचण म्हणजे मनगट कुठल्या कोनात धरायचं हे ठरवण्यातच थेरपिस्टचं सगळं कसब असतं. तुकडा घेऊन त्यांच्याकडे जा.

रेडिओथेरपीत डोकं आणि मान हलू नये म्हणून जाळीदार मुखवटा घालतात, तोही याच पदार्थाचा. गरम पत्रा चेहऱ्यावर ताणून बसवतात आणि दोन्ही बाजूंना पाटाला अडकवतात. काही मिनिटांत तो त्या माणसाचा, फक्त त्याचाच, होतो. किरण रोज त्याच जागी पडायला हवेत, तिथे मिलिमीटरचा हिशोब असतो. या पदार्थांचं नाव निघालं की लोक अंतराळयानाच्या गोष्टी सांगतात. मी या मुखवट्याची सांगते.

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. मोटर, गिअर, बेअरिंग ही सगळी भानगड काढून आकार बदलणारं पॉलिमर वापरलं तर रोबोचा हात हलका होणार नाही का? आणि वापरायचंच तर निटिनॉल की पॉलिमर?
– एक अभियंता

हलका होईल. पण तो हात एकदा उघडेल आणि मग बसून राहील.

साध्या आकारस्मृती पॉलिमरची वाट एकेरी असते. तात्पुरत्या आकारातून मूळ आकारात तो आपण होऊन येतो, पण पुन्हा तात्पुरत्या आकारात न्यायचा तर कुणीतरी गरम करून, ताणून, गार करायलाच हवं. म्हणजे हातासाठी आणखी एक हात.

आता आकडे. निटिनॉल (आकार लक्षात ठेवणारा निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू) साधारण 8 टक्क्यांपर्यंतची विकृती परत करतो, तर पॉलिमर काही शेकडा टक्के. पण परत येताना लावलेला जोर बघा: पॉलिमरचा दहाच्या आतल्या मेगापास्कलांत (हे ताणाचं माप), निटिनॉलचा काही शेकडा मेगापास्कलांत. जोर हवा असेल तर निटिनॉल, लांबचा पल्ला आणि कमी वजन हवं असेल तर पॉलिमर. (निटिनॉलचा गुण नजरेस आला तो प्रसंग मजेशीर आहे. 1961 मध्ये अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या एका बैठकीत घड्या घातलेली पट्टी हातोहात फिरत होती. ती किती वेळा वाकवली तरी तुटत नाही, एवढंच दाखवायचं होतं. एकाने गंमत म्हणून तिच्याखाली पाइपचा लायटर धरला आणि पट्टी सरळ झाली.)

वेग हा तिसरा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात अडचणीचा. प्लास्टिकमधून उष्णता फार हळू जाते. त्यातून जाडी दुप्पट केली तर आतपर्यंत तापायला चौपट वेळ लागतो. बातम्यांमधल्या व्हिडिओत एखादी पातळ फीत टपकन वळते ती पातळ असते म्हणूनच. बोटाएवढी जाड करा आणि चहा करून या, अजून वळतच असेल.

मागेपुढे दोन्हीकडे हलणारे पदार्थ आहेत, नाहीत असं नाही. द्रव-स्फटिकी इलॅस्टोमरमध्ये (रांगेत लागलेल्या रेणूंच्या रबरात) रेणूंची रांग तापमानाबरोबर मोडते आणि पुन्हा लागते, त्यामुळे ते आखडतं आणि परत लांबतंही. याची कल्पना फ्रान्सच्या द जेन यांनी 1975 मध्ये मांडली आणि जर्मनीत हाइनो फिंकेलमान यांनी 1981 मध्ये ते बनवलं. मला त्याहून आवडतो तो टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेतल्या रे बॉमन यांच्या गटाचा 2014 मधला प्रयोग. त्यांनी मासे पकडायची नायलॉनची दोरी घेतली आणि तिला पीळ देत गेले, देत गेले, ती स्वतःभोवती गुंडाळून स्प्रिंग होईपर्यंत. ताणून बनवलेला नायलॉनचा धागा तापला की लांबीत आखडतो आणि जाडीत फुगतो. त्यामुळे पीळ सुटू बघतो आणि सगळी गुंडाळी आखडते. तेवढ्याच लांबीच्या आणि वजनाच्या मानवी स्नायूच्या शंभरपट भार तिने उचलला. पदार्थ कुठलाही नवा नाही, सगळी करामत पीळ देण्यात! पण घातलेल्या उष्णतेतली बहुतेक वायाच जाते. बॅटरीवर दिवसभर चालायचा हात असेल तर मोटरच ठेवा.

जे काम एकदाच करायचं आहे आणि जिथे हात पोचत नाही, तिथे पॉलिमरला तोड नाही. उपग्रहाचं घडी केलेलं पॅनेल उघडायची बिजागरी घ्या. ती आयुष्यात एकदाच उघडते.

आपोआप आवळणाऱ्या टाक्यांबद्दल फार पूर्वी वाचलं होतं. मी आता शस्त्रक्रिया विभागात परिचारिका आहे. ते टाके काही दिसत नाहीत.
– एक वाचक

तुम्ही वाचलं होतं ते 2002 सालचं काम, आंद्रेयास लेंडलाइन आणि रॉबर्ट लँगर यांचं. शरीरात विरघळून जाणारा धागा, ताणून तात्पुरता लांब केलेला. त्याची सैल गाठ मारायची. 40 अंशांना ती सुमारे 20 सेकंदांत आवळली गेली. प्रश्न खरा होता: दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना अरुंद जागेत गाठ नेमकी आवळणं कठीण. सैल राहिली तर जखम उघडते, जास्त आवळली तर तिथलं रक्त थांबून ऊती मरतात.

मग घोडं अडलं कुठे? तुमच्याच खात्यातल्या गोष्टी घ्या. ऑटोक्लेव्हमध्ये (निर्जंतुक करायच्या यंत्रात) 121 अंशांची वाफ असते. तिथे या धाग्याची आठवण पाकिटातच पुसली जाईल, म्हणून इथिलीन ऑक्साइड वायूसारखी कमी तापमानाची पद्धत लागते. वाहतुकीत पेटी उन्हात राहिली तरी तेच. शरीर 37 अंशांवर आणि ताप आला तर 39–40, म्हणजे कडी उघडायचं तापमान ठेवायला जागा अगदी चिंचोळी. त्यात पाण्याचा उपद्रव. आकारस्मृतीसाठी वापरतात ती बरीच पॉलियुरेथेनं (पॉलिमरची एक जात) ओलावा शोषतात. पाण्याचे रेणू साखळ्यांमध्ये शिरले की साखळ्या लवकर सैलावतात आणि ते तापमान खाली सरकतं. प्रयोगशाळेत कोरड्या नमुन्यावर 55 अंश मोजलं म्हणून शरीरातही 55 राहील असं नाही.

पण हाच उपद्रव एका ठिकाणी कामी आला आहे. नको असलेली किंवा फुगलेली रक्तवाहिनी बंद करण्यासाठी पॉलियुरेथेनचा फोम दाबून बारीक करतात आणि कॅथेटरमधून (बारीक नळीतून) आत सोडतात. कोरडा असताना तो शरीराच्या तापमानाला उघडत नाही. रक्तातलं पाणी आत शिरेल तसं त्याचं कडी उघडायचं तापमान खाली येतं आणि तो फुलतो. त्याच्या छिद्रांत रक्त गोठतं आणि वाट बंद होते. डॉक्टरला तो जागेवर न्यायला लागणारी मिनिटं त्या पाण्याच्या संथपणानेच मिळतात. पॉलिमर किती जलविरोधी करायचा यावरून ही मिनिटं कमीजास्त करता येतात. असे फोमचे प्लग अमेरिकेत परवानगी मिळून वापरात आहेत. टाक्यांनी वाट पाहायला लावली, फोम पुढे गेला.

शाळेत दाखवता येईल असं काही?
– विज्ञानशिक्षक

आहे. पारदर्शक, ताणून बनवलेला पॉलिस्टायरीनचा पत्रा घ्या. मुलं चित्रं काढून भट्टीत आखडवतात, तो खेळाचा पत्रा चालेल. त्यावर काळ्या शाईची जाड रेघ ओढा आणि वर इन्फ्रारेड दिवा धरा. काळी रेघ उष्णता जास्त शोषते, फक्त तिथलाच भाग शंभर अंशांच्या वर जातो आणि वरच्या बाजूने आखडतो. पत्रा रेघेवर आपोआप दुमडतो, रेघ असलेल्या बाजूला. रेघा नीट आखल्या तर सपाट पत्र्याची पेटी होते. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात मायकेल डिकी यांच्या गटाने हे करून दाखवलं. रेघ जितकी रुंद तितका कोन मोठा. हे मोजणं मुलांकडून करून घ्या, दोन तास मजेत जातील. खिडक्या उघड्या ठेवा, दिवा तुम्हीच धरा आणि पत्रा करपू देऊ नका. त्याचा धूर वाईट.

गाठी मारलेलं प्लास्टिक वितळत नाही म्हणता, मग त्याचा कचरा?
– एक वाचक

कचराच. म्हणूनच पॅरिसमध्ये लुडविक लेबलर यांनी 2011 मध्ये दाखवलेली व्हिट्रिमर ही जात महत्त्वाची वाटते. तिच्यात गाठी सुटत नाहीत, पण तापल्यावर आपसात जागा बदलतात. एकूण गाठी तेवढ्याच राहतात, तरीही पदार्थाला नवा आकार देता येतो. आकारस्मृतीत याचा अर्थ असा, की मूळ आकारच बदलून टाकता येतो, जुनी आठवण पुसून नवी देता येते. काम अजून प्रयोगशाळांत जास्त आणि कारखान्यांत कमी आहे.

मॅडम, मी पीएचडी करतो. माझ्या पॉलियुरेथेनच्या फिल्मची रिकव्हरी पहिल्या फेऱ्यात 82 टक्के येते, दुसऱ्यापासून 96–97. गाइड म्हणतात पहिला फेरा ‘ट्रेनिंग’ समजून सोडून दे. सोडू का?
– एक संशोधक विद्यार्थी

(इतरांसाठी: फेरा म्हणजे एकदा ताणून, गार करून, परत गरम करणं; रिकव्हरी म्हणजे त्यात ताणातला किती भाग परत आला ते.) गाइडचं म्हणणं प्रचलित आहे, पण मी सोडणार नाही. छापताना सगळे फेरे छाप, पहिला ठळक.

कारण विचार कर. तू प्रस्तावनेत स्टेंट, टाके, उपग्रह हे लिहिलं असशीलच. सगळेच लिहितात. यातलं कुठलं काम दुसऱ्यांदा करायचं असतं? तिथे पहिला फेरा हाच एकमेव फेरा. ट्रेनिंग देऊनच वापरणार असशील तर तसं स्पष्ट लिही, मग हरकत नाही.

आता 82 का, ते शोध. तुझ्या फिल्ममध्ये रासायनिक गाठी नसाव्यात. साखळ्यांतल्या कडक खंडांचे गट हायड्रोजन बंधांनी (रेणूंमधल्या कच्च्या ओढीने) एकत्र धरलेले, तेच गाठीचं काम करतात. पहिल्या ताणात त्यातले कच्चे गट घसरतात, ते परत येत नाहीत. उरलेले भक्कम, म्हणून पुढचे आकडे छान. हे खरं असेल तर ताण कमी केल्यावर पहिल्या फेऱ्याचा आकडा सुधारायला हवा. 50 टक्के, 100 टक्के, 200 टक्के असं करून बघ.

पण त्याआधी साधी शंका फेडून घे. फिल्म डीएमएफमध्ये विरघळवून, ओतून, वाळवून (कास्ट करून) बनवली आहेस का? ते हट्टी द्रावक आहे, आत दडून बसतं. पहिल्या फेऱ्यात तापल्यावर ते निघून जातं, आणि दुसऱ्या फेऱ्यात तू वेगळाच पदार्थ मोजत असतोस. टीजीए (तापवत नेताना वजन मोजायची चाचणी) करून बघ, दीडशे अंशांच्या आसपास वजन उतरतं का. उतरत असेल तर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये परत टाक आणि सगळं पुन्हा मोज. ओलाव्याचंही तेच, नमुने डेसिकेटरमधून थेट काढून लाव.

आणि रॅम्प, म्हणजे तापमान चढवायचा वेग, किती ठेवतोस ते पत्रात नाही. डीएमए (तापवताना फिल्मचा ताण मोजणारं यंत्र) चेंबरचं तापमान दाखवतं, फिल्मचं नाही. मिनिटाला 10 अंश ठेवत असशील तर 2 वर आण, आणि थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) नमुन्याच्या जवळ आहे ना ते बघ.